आंब्याची फांदी शेंड्याकडून वाळू लागली, तर नेमकं काय करायचं

दसरा उलटला आणि हस्ताचा पाऊस ओसरला की कलमांखालून एक फेरी मारावी, मान वर करून. हिरव्यागार घेरात एखादीच फांदी तांबूस दिसते, खालून कुणी जाळ लावल्यासारखी. पानं तपकिरी, कडा वर वळलेल्या, पण गळालेली नाहीत. काडीला तशीच लटकून. वारा आला की शेजारची फांदी सळसळते आणि ही खडखडते. नजर चुकली तरी कान सांगतात.

हे दिसलं की आपल्याकडे पहिली हाक पंपाला जाते. बुरशीनाशक कालवायचं आणि त्या वाळक्या पानांवर मारायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बुरशी असते लाकडात, सालीखाली, कधी कधी त्या वाळलेल्या शेंड्याच्या हात-दीड हात खाली. मेलेल्या पानावर पडलेलं औषध तिथवर पोचत नाही. आणि ही बुरशी बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी आलेली असते. त्याआधी फांदीला जखम झालेली असते, किंवा झाड तहानलेलं, उपाशी, दमलेलं असतं. म्हणून या लेखात पंपाला जागा कमी आणि करवत, कापावर लावायची पेस्ट, मुळं यांना जास्त.

सगळं लिहिलं आहे ते कोकणातल्या हापूसच्या बागा डोळ्यांसमोर ठेवून. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उरलेले आठ महिने कोरडे, आणि बऱ्याच बागा जांभ्याच्या कातळावर. ही परिस्थिती समजली नाही तर रोगही समजत नाही.

आधी ओळख

फांदी वाळवणारी बुरशी एकच नसते. चार तऱ्हा ओळखता आल्या तर पुढची कामं सोपी होतात.

सगळ्यांत जास्त भेटते ती शेंडेमर. तिच्यामागची मुख्य बुरशी लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. जुन्या पुस्तकांत हीच बोट्रिओडिप्लोडिया नावानं सापडेल. हिचा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती निरोगी दिसणाऱ्या काडीतही गुपचूप राहू शकते. झाड दणकट असेपर्यंत काही करत नाही. पाण्याचा ताण पडला, उन्हानं साल भाजली, फांदी मोडली, खोडकिड्यानं भोक पाडलं की तिला वाट मिळते. मग शेंड्याकडून खाली, किंवा जखमेपासून दोन्ही बाजूंना, ती लाकडात सरकते. साल काळपट पडते, चिरते, कुठे कुठे डिंकाचे थेंब येतात. मेलेल्या काडीवर काही आठवड्यांनी टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उठतात. ते तिचे बीजाणूंचे डबे. पाऊस पडला की त्यांतून बीजाणू बाहेर येतात आणि थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या जखमेवर जाऊन बसतात.

हीच बुरशी आंब्याच्या पेटीतही येते. पिकायला ठेवलेलं फळ देठापासून काळं पडत खाली कुजत जातं, ती देठकूज. तिच्या कारणांत ही बुरशी आघाडीवर आहे. झाडावर वाळक्या काड्या ठेवणारा बागायतदार मे महिन्यात अढीतून सडका आंबा वेचतो, यात योगायोग काही नाही.

दुसरी तऱ्हा फांदीमर, म्हणजे गुलाबी रोग. ही पावसाळ्यातली. फांद्यांच्या बेचक्यात, जिथं ओल टिकते आणि ऊन पोचत नाही, तिथं आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे चकचकीत धागे दिसतात. मग तिथं फिकट गुलाबी पापुद्रा धरतो, भिंतीला रंगाचा हात दिल्यासारखा. साल उभी तडकते आणि त्यापुढची सगळी फांदी पिवळी पडून वाळते. दाट, अंधाऱ्या घेराच्या बागांत ही फार. बागेत काजू-फणस असतील तर त्यांच्याही फांद्या बघा, ही बुरशी त्यांच्यावरही जगते.

तिसरा करपा. मोहोर जाळणारा आणि फळावर काळे डाग पाडणारा हाच. तो कोवळी पालवी आणि काडीचं टोक मारतो, सहसा जाड फांदीत खोल उतरत नाही. पण त्यानं मारलेलं टोक शेंडेमरीला दार उघडून देतं.

चौथी आपल्याकडे नेहमीची नाही, पण नाव माहीत हवं: सेराटोसिस्टिस. ओमानमध्ये १९९८ साली आंब्याची झाडं अचानक वाळू लागली. एका बाजूची फांदी, मग दुसरी, आणि काही महिन्यांत अख्खं झाड. पाकिस्तानातल्या बागांनीही तेच भोगलं, ब्राझीलमध्ये तर हा रोग कित्येक दशकं जुना आहे. साल पोखरणारा एक बारीक भुंगेरा ही बुरशी झाडोझाडी नेतो. माती आणि हत्यारांतूनही ती जाते. उत्तर प्रदेशातल्या बागांतही हिची नोंद झालेली आहे. म्हणून एखादं झाड एकाच बाजूनं झपाट्यानं वाळतंय, खोडावर गडद डिंक ओघळतोय आणि सालीवर सुई टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत, असं दिसलं तर साधी शेंडेमर समजून सोडू नका.

पहिली पायरी: झाड वाचा

बरोबर धारदार चाकू, कोयती, छोटी करवत आणि रंगाचा डबा घ्या. घाई नको. मोठ्या कलमाला पंधरा-वीस मिनिटं द्या.

वाळलेल्या फांदीच्या टोकाकडून खाली या. दर हातभर अंतरावर चाकूच्या टोकानं साल नखाएवढी खरवडा. जिवंत फांदीत सालीखाली ओलसर हिरवा थर लागतो. मेलेल्यात कोरडा तपकिरी. या दोहोंच्या मध्ये एक जागा येते, जिथं अर्धं हिरवं आणि अर्धं तपकिरी दिसतं. ती रोगाची हद्द. तिथं रंगाची रेघ मारा. मग एक काडी तोडून उभी चिरा. लाकडाच्या मधून किंवा एका कडेनं गडद तपकिरी पट्टा खाली गेलेला दिसेल, चहाचा डाग कापडात पसरतो तसा. साल हिरवी असली तरी तो पट्टा पुढे गेलेला असतो. इथंच बहुतेक लोक चुकतात. साल बघून कापतात आणि बुरशी आतच राहते.

आता उलट दिशेनं, बुंध्यापासून वर. जमिनीलगत साल मऊ पडली आहे का, मुळांवर माती चढून बुंधा गाडला गेला आहे का, वाळवीचे मातीचे थर आहेत का, ते बघा. खोडाला कान आणि डोळे दोन्ही लावा. भोकाखाली लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर भिरूड आत आहे. भिरूड म्हणजे खोडकिड्याची जाड पांढरट अळी. ती खोड पोखरते आणि तिच्या बोगद्यातून बुरशी निर्धास्त आत जाते. बांडगूळ कुठं कुठं आहे तेही मोजा. बांडगुळाच्या पुढचा शेंडा अर्धपोटी असतो आणि अर्धपोटी शेंडा आधी मरतो.

शेवटी बाग बघा. वाळलेली झाडं कातळाच्या उथळ मातीवर आहेत, की पाणी साचणाऱ्या खोलगट जागी? वणव्याची झळ कुठल्या बाजूला लागली होती? कुठल्या झाडांना सलग किती वर्षं कल्टार, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, दिलं? वहीत लिहून ठेवा. पाच-सहा झाडांची पानं भरली की कारण आपोआप पुढे येतं.

आमच्या बागेत ते असं पुढे आलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं फांद्या मोडल्या. हंगाम हातचा गेलेला, माणसं मिळेनात, म्हणून लोंबणाऱ्या फांद्या ओढून काढल्या आणि फाटलेले बुडखे तसेच ठेवले. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी त्याच झाडांचे शेंडे तांबूस झाले. एक बुडखा कापून उभा चिरला, तर तपकिरी पट्टा फाटलेल्या टोकापासून जवळजवळ दोन हात खोडाकडे आला होता. जिथं ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झोडपून गेलं, त्या श्रीवर्धन-मंडणगड-दापोलीच्या पट्ट्यात असे बुडखे अजून कितीतरी झाडांवर असतील. ते आधी शोधा.

दुसरी पायरी: घरच्या घरी खात्री

हद्दीवरचा, म्हणजे अर्धा हिरवा अर्धा तपकिरी भाग घ्या. पूर्ण मेलेल्या लाकडात कुजवणारी इतर बुरशी शिरलेली असते, ती फसवते. साल स्पिरिटनं पुसा, वरचा पापुद्रा काढा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. प्लास्टिकच्या स्वच्छ डब्यात ओला करून पिळलेला कागद अंथरा, त्यावर तुकडे ठेवून झाकण लावा. डबा घरात सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत राखाडी कापूस फुटला आणि आठवडाभरात तो पाटीसारखा काळपट झाला, तर लॅसिओडिप्लोडियाचा संशय बळावतो.

सेराटोसिस्टिसची शंका असेल तर गाजर कामी येतं. ही युक्ती रोगशास्त्राच्या प्रयोगशाळांतही वापरतात. गाजराच्या दोन जाडसर चकत्या कापा, मध्ये डागाळलेल्या लाकडाची बारीक कपची ठेवून दाबा, दोरा बांधा आणि ओलसर डब्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत कपचीभोवती काळे केस उभे राहिले आणि भिंगातून प्रत्येक केसाच्या टोकाला दुधी थेंब दिसला, तर थांबा. गाजरावरही त्याची स्वतःची अशीच एक बुरशी येऊ शकते, त्यामुळे निकाल स्वतः लावू नका. नमुना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. नमुना कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये तो घामेजतो आणि पोचेपर्यंत सडतो.

तिसरी पायरी: कापणी

सगळ्या लेखात जास्त जपून करायचं काम हे.

वेळ आधी. पाऊस चालू असताना मोठी जखम करू नये; बीजाणू त्याच वेळी उडत असतात. शेंडेमरीची मोठी कापणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत करावी. दुसरी संधी आंबा उतरल्यावर, पण मिरगाआधी आठ-दहा कोरडे दिवस हाती असतील तरच. अपवाद गुलाबी रोगाचा. त्याला ऑक्टोबरपर्यंत वेळ दिला तर फांदी जाते. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की त्याच दिवशी कापायचं आणि त्याच दिवशी पेस्ट लावायची.

किती खाली कापायचं? रंगाच्या रेघेवर नाही. काड्यांना तपकिरी पट्टा संपतो तिथून आणखी चार बोटं, मनगटाएवढ्या किंवा जाड फांदीला आणखी एक वीत. कापल्यावर कापाची बाजू बघा. लाकूड सगळीकडे एकाच फिकट रंगाचं असेल तर झालं. कडेला किंवा मधे तपकिरी पाचर दिसली तर पुन्हा खाली कापा. मन धजत नाही, हे मला माहीत आहे. तीस वर्षांच्या कलमाची फांदी कापताना हात अडतो. पण ती पाचर ठेवून केलेली कापणी म्हणजे पुढच्या वर्षीचं तेच काम आणि मजुरी दुप्पट.

जाड फांदी तीन घावांत उतरवा. शेवटच्या कापापासून हातभर पुढे खालच्या बाजूनं एक तृतीयांश जाडी कापा. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदीचं ओझं खाली पाडा. उरलेला बुडखा शेवटी नीट कापा. एकाच घावात वरून कापलं तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते, आणि ती जखम मूळ रोगापेक्षा वाईट. फांदी जिथून निघते तिथं सुजल्यासारखी गोल कड असते. काप त्या कडेच्या बाहेर, पण कडेला लागून घ्या. कड कापली तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तोच वाळून आत रोग नेतो. कापाला थोडा उतार द्या, पाणी थांबता कामा नये.

कोयतीचे तिरपे घाव घालून फांदी तोडू नका. चिंध्या झालेल्या लाकडात बुरशीला शंभर दारं मिळतात. करवतच वापरा.

हत्यारं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याआधी पुसा. स्पिरिटचा बोळा चालतो. ब्लीचचं पाणी वापरायचं तर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, त्यात पातं बुडवायचं; संध्याकाळी धुऊन तेल लावायचं, नाहीतर गंज चढतो. कामाला आलेल्या गड्यांना हे दोन मिनिटांचं काम का, ते समजावून सांगा. कारण कळलं की माणसं मनापासून करतात. नुसतं बजावलं की मालक पाठमोरा होईपर्यंतच.

कापलेल्या फांद्या झाडाखाली रचू नका. जळणाला होतील म्हणून ठेवलेली मोळी पहिल्या पावसात बीजाणूंचा कारखाना बनते आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनाही बोलावते. आठवड्याच्या आत घेराबाहेर नेऊन जाळा. जाळही कलमांपासून दूर हवा. झळ लागलेल्या सालीत हीच बुरशी शिरते.

झाडाचा माथा एकदम उघडा पडला तर आतल्या फांद्यांना सवय नसलेलं ऊन लागतं आणि साल भाजून तडकते. अशा उघड्या फांद्यांना आणि खोडाच्या पश्चिमेकडच्या बाजूला चुन्याचा हात द्या. एकाच वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त जिवंत घेर काढू नका, बाकी पुढच्या वर्षी.

चौथी पायरी: बोर्डो पेस्ट

बाजारात तयार पेस्ट मिळते. पण घरची ताजी पेस्ट स्वस्त आणि भरवशाची, म्हणून कृती सविस्तर.

एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाच लिटर पाण्यात वरच्या वर टांगा. तळाला टाकलं तर विरघळायला दिवस घेतं, टांगलं की निळ्या धारा खाली उतरताना दिसतात. दुसऱ्या भांड्यात चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडून तो फुलू द्या, मग पाच लिटर करा आणि गोणपाटातून गाळा. चुना कळीचाच आणि ताजा हवा. हवेत पडून भुकटी झालेला चुना निम्मं काम करतो. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. लोखंडी बादलीत मोरचूद कालवलं तर तांबं बादलीवर बसतं आणि झाडाला काही उरत नाही.

चुन्याचं पाणी गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी त्यात सावकाश ओता, लाकडी काठीनं ढवळत राहा. रंग आकाशी निळा आणि पोत दह्यासारखा आला पाहिजे. मग परीक्षा: घासून चकचकीत केलेलं विळ्याचं पातं त्यात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे. ते झाडाला भाजतं. थोडं चुन्याचं पाणी वाढवा आणि पुन्हा बघा. पातं जसंच्या तसं निघालं की पेस्ट तयार. जेवढी आज संपेल तेवढीच करा. थोड्या कापांसाठी शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम, एक लिटर.

काप ताजा असतानाच ब्रशनं दाबून लावा, कडेच्या सालीवरही दोन बोटं चढवा. वाळली की दुसरा हात. पावसाआधी, मेच्या शेवटी, सगळे जुने मोठे काप पुन्हा रंगवा, आणि खोडाला जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत एक हात द्या.

गुलाबी रोगात फांदी अजून हिरवी असेल तर कापायची गरज नाही. पापुद्रा आणि त्याखालची मेलेली साल चाकूनं खरवडा, खाली कागद किंवा फडकं धरून. खरवड गोळा करून जाळा आणि उघड्या जागेवर पेस्ट लावा. वेळेत केलं तर फांदी वाचते. आमच्याकडे अशी वाचलेली फांदी जखमेच्या दोन्ही बाजूंनी ओठासारखी साल धरून मिटत आली आहे.

भिरूड असेल तर भोक मोकळं करून तारेच्या आकड्यानं अळी ओढून काढा. हाती लागत नसेल तर पेट्रोलचा बोळा आत ढकलून भोक मातीनं लिंपा. पूर्वी त्यात डायक्लोरव्हॉस ओतायची पद्धत होती. त्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, जुनी बाटली कपाटात सापडली तरी वापरू नका. बांडगूळ नुसतं ओरबाडून काढलं तर पुन्हा फुटतं. ते जिथं रुतलंय त्याच्या खाली वीतभर फांदीच कापावी लागते.

पाचवी पायरी: फवारणी, जिथं तिचा उपयोग आहे तिथं

फवारणी राखण करते, मेलेलं जिवंत करत नाही. कापणी झाल्यावर राहिलेल्या निरोगी घेरावर एक टक्का बोर्डो मिश्रण मारा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, कृती आणि पात्याची परीक्षा वरचीच. पर्याय म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम. गुलाबी रोगाचा इतिहास असलेल्या बागेत पाऊस स्थिरावण्याआधी एक आणि मधल्या उघडिपीत एक, अशा दोन फवारण्या. नोझल पानांवर न धरता आतल्या फांद्यांवर आणि बेचक्यांत धरा. बोर्डोमध्ये दुसरं कुठलंही औषध मिसळू नका. मोहोरावर ते मारू नका.

कार्बेन्डाझिमसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषली जाणारी, बुरशीनाशकं लिटरला एक ग्रॅम प्रमाणात अनेक बागांत वापरली जातात. पालवीवरच्या करप्याला त्यांचा उपयोग होतो. पण जाड फांदीतल्या बुरशीला ती मारतील, या आशेवर पैसे घालू नका. आंबा निर्यातीला देणार असाल तर औषधांच्या अवशेषांची मर्यादा त्या त्या देशाची आधी विचारून घ्या, नाहीतर मेमध्ये पेट्या परत येतात. मारणाऱ्या माणसाला हातमोजे, मास्क आणि बूट द्या. हे खर्चात धरायचं.

सहावी पायरी: मुळाकडे

कातळावर सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यात कलम लावतात, त्यात बाहेरची माती भरतात. पहिली काही वर्षं झाड झोकात वाढतं. मग मुळं खड्ड्याच्या भिंतीला लागतात आणि फटी शोधत राहतात. पावसाळ्यात तोच खड्डा टाकीसारखा भरून राहतो आणि फेब्रुवारीत तव्यासारखा तापतो. हा दुहेरी मार सोसणारं झाड शेंडेमरीचं पहिलं गिऱ्हाईक. तिथं पाणी बाहेर काढायला चर हवा आणि पाऊस गेल्यावर बुंध्याभोवती वाळलेलं गवत-पालापाचोळ्याचं जाड आच्छादन हवं. आच्छादन खोडाला चिकटवू नका, हातभर जागा सोडा.

खत वेळेवर. दहा वर्षांपुढच्या हापूसला विद्यापीठाची मात्रा अशी: पन्नास किलो शेणखत, तीन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो सल्फेट ऑफ पोटॅश. पावसाच्या सुरुवातीला, घेराच्या कडेपासून दीड फूट आत चर काढून द्यायचं. बुंध्याशी ओतलेलं खत मुळांना मिळत नाही, उलट बुंध्याची साल भिजत राहते. दुखण्यातून उठलेल्या झाडाला शेणखतावर कंजूषी नको.

पाण्याचं गणित नाजूक. हापूसला मोहोरासाठी ताण लागतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी देत नाहीत. पण फळं वाटाण्याएवढी झाली की पंधरा-पंधरा दिवसांनी दीडशे ते दोनशे लिटर, तीन-चार वेळा दिलं तर झाडावरचा बोजा हलका होतो. पाणी घेराखाली, खोडाला न लागता.

आणि कल्टार. त्याची मात्रा घेराच्या व्यासाला मीटरमागे तीन मिलिलिटर, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, आणि तीही सशक्त झाडाला, पूर्ण खत देऊन. जे झाड शेंड्याकडून वाळतंय त्याला त्या वर्षी कल्टार देऊ नये. ते नवी वाढ दाबतं आणि आजारी झाडाला नेमकी नवी वाढच हवी असते. बाग कराराने दिली असेल तर ही अट कागदावर घाला: कुठल्या झाडांना द्यायचं नाही, त्यांचे क्रमांक लिहून. करार करणारा एका हंगामाचा हिशेब करतो, झाड आपल्या नातवंडांचं असतं.

एकदम खचलेल्या झाडावर त्या वर्षी मोहोर आला तर निम्मा तरी खुडून टाका. मरणाच्या दारातलं झाड पुष्कळदा भरभरून मोहोरतं, त्या मोहोरावर भाळू नये.

झाड गेलंच तर

खोडाच्या निम्म्याहून जास्त घेरात साल मेली असेल, तर झाड वाचवायचा खर्च वाया जातो, असं माझं मत झालंय. सेराटोसिस्टिस निश्चित झालं असेल तर वाट बघूच नका. मुळांसकट काढा, तिथंच जाळा, त्या खड्ड्यातली माती दुसऱ्या झाडांकडे जाऊ देऊ नका, आणि त्या जागी लगेच आंबा लावू नका. शेजारच्या झाडांवर भुंगेऱ्याच्या भोकांसाठी महिनाभर नजर ठेवा.

नवं कलम आणताना जोड बघा. जोडाच्या वर साल काळपट, सुरकुतलेली किंवा शेंडा करपलेला असेल तर घेऊ नका, फुकट मिळालं तरी. बुरशी मातृवृक्षाच्या काडीतूनच येऊ शकते. कोय कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील असं लावा, मातीत गाडू नका.

कापल्यानंतरचे महिने

कापलेल्या प्रत्येक फांदीवर रंगानं तारीख घाला. महिन्यानं, मग तीन महिन्यांनी, मग पावसाआधी कापाजवळची साल खरवडून बघा. पुन्हा तपकिरी लागलं तर लगेच खाली कापा, पुढच्या दसऱ्याची वाट बघू नका.

बरं झालेल्या कापाखाली पहिल्या जोमदार वाढीत फुटवे झुबक्यानं येतात, आठ-दहा, कधी वीस. सगळे ठेवावेसे वाटतात. वीतभर झाले की बाहेरच्या दिशेनं वाढणारे, एकमेकांपासून अंतर असलेले दोन किंवा तीन निवडा. बाकीचे कोवळे असतानाच बोटांनी मोडा. तेव्हा जखम नखाएवढीच होते, आणि तिला पेस्टचं एक बोट पुरतं.